खाऱ्या जमिनीवरचे दिवे

लक्ष्मीपूजनाचा सूर्य मावळला की तासाभराच्या आत मुंबई-ठाण्यातल्या लाखो घरांत एकाच वेळी हात भिंतीवरच्या बटनांकडे जातात. पणत्या आपापल्या तेलावर जळतात. त्यांचा कोणावर भार नाही. पण माळांचे दिवे, आकाशकंदील, देवघरातला दिवा, स्वयंपाकघरातले मिक्सर, पाहुण्यांसाठी लावलेले पंखे हे सारे एका घटकेत वीज मागू लागतात. वीज ही वस्तू धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. निदान एवढ्या मोठ्या नगरीला पुरेल इतकी तरी सहजासहजी नाही. ज्या क्षणी आपण ती मागतो त्याच क्षणी कोठेतरी एखादे चाक अधिक जोराने ढकलावे लागते. वीजघरातले लोक या घटकेच्या मागणीला 'पीक लोड' म्हणतात. आपण तिला सांजभार म्हणू.

मी शाळेत इतिहास शिकवते. आमच्या पुस्तकांत वीजघराला एक ओळ मिळते: अमुक साली, अमुक ठिकाणी, इतक्या मेगावॉटचे. त्या ओळीत यंत्र असते, क्वचित मंत्र्याचे नाव असते. जमीन मात्र कधी नसते. जणू वीजघर आकाशातून उतरले आणि रिकाम्या जागी येऊन बसले! या दिवाळीत मला वाचकांपुढे एका वीजघराची हकिगत मांडायची आहे, ती जमिनीसकट. मुंबई बंदराच्या पलीकडच्या तीरावर, उरणजवळ बोकडविरा गावाशी ते उभे आहे. समुद्राच्या पोटातल्या वायूवर ते चालते, आणि ज्या पट्ट्यात ते आहे तो पट्टा माणसांनी पिढ्यान् पिढ्या समुद्राकडून ओंजळीओंजळीने मागून घेतलेला आहे.

पण उरणला जाण्याआधी थोडे घाटावर चढले पाहिजे. मुंबईचा सांजभार प्रथम पाण्याने वाहिला.

१९०५ साली मुंबईत वीजपुरवठा आणि ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावू लागली. पण शहराचे खरे पोट होते ते गिरण्यांचे. त्यांच्यासाठी जमशेटजी टाटांनी सह्याद्रीच्या पावसावर नजर ठेवली होती. ते १९०४ साली गेले. त्यांच्या पुत्रांनी काम पुढे नेले. १९११ साली लोणावळ्याला कोनशिला बसली. वळवण, लोणावळा आणि शिरवता येथले पाणी नळांतून सुमारे १७०० फूट खाली खोपोलीला आणले आणि १९१५ च्या फेब्रुवारीत तेथून मुंबईला वीज निघाली. पाठोपाठ १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा ही वीजघरे उभी राहिली.

आरंभी मुंबईची वीज ही दिवसाची वीज होती. गिरणीचा भोंगा झाला की मागणी चढे, गिरणी सुटली की उतरे. पुढे दोन गोष्टी घडल्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी सुटली, आणि चाळींच्या खोल्यांतून रॉकेलचे कंदील हळूहळू मागे सरून दिव्याचे बल्ब आले. मग संध्याकाळचे सहा-सात वाजले की तीन ओझी एकावर एक बसू लागली. गिरणीची पाळी अजून चालू आहे, कचेऱ्या सुटून गाड्या भरभरून धावताहेत, आणि घरोघर दिवे लागताहेत! रेल्वेने आपल्यापुरती सोय म्हणून कल्याणजवळ चोळ्याला १९२९ साली कोळशावरचे स्वतःचे वीजघर काढले. तरी सांजभाराचा खरा आधार पाणीच राहिले. झडप उघडली की पाणी धावते, चाक फिरते, काही मिनिटांत वीज तयार. काम झाले की झडप बंद. उरलेले पाणी उद्याच्या संध्याकाळसाठी तलावात शिल्लक.

ही शिल्लक मात्र कोणाच्या तरी शेतावर साठवलेली होती. भिऱ्याला पाणी पुरवण्यासाठी मुळशीला धरण घालावयाचे ठरले तेव्हा मावळातल्या गावांची भातखाचरे त्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी होते आणि येथूनच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. विनायकराव भुस्कुट्यांनी या सत्याग्रहाचा इतिहास लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला तो ठाऊक तरी आहे. तीन वर्षे झुंजून लढा सरला. धरण झाले, खाचरे बुडाली. सरकारचे आणि कंपनीचे म्हणणे असे की, जमीन घेतली, मोल दिले, व्यवहार संपला. मावळ्याचे म्हणणे असे की, हे खाचर माझ्या आजाने डोंगर फोडून, बांध घालून बनवले. जे घडवले त्याचे मोल आणि जे नुसते सापडले त्याचे मोल एकच कसे? हा प्रश्न मुळशीच्या पाण्याखाली गेला नाही. साठ वर्षांनी तो बंदरापलीकडे पुन्हा वर आला.

दरम्यान मुंबई वाढत होती. १९५६ साली टाटांनी तुर्भ्याच्या, म्हणजे आपण ट्रॉम्बे म्हणतो त्या किनाऱ्यावर औष्णिक वीजघर सुरू केले. १९६२ साली कोयनेची वीज निघाली. कोयना ही सांजभाराची मोठी मानकरी. पण तिच्या पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला लवादाने मर्यादा घातलेली आहे. ते जपून, संध्याकाळ पाहून खर्चावे लागते. कोळशाच्या वीजघराचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्याचा बंब थंड पडला की पुन्हा पेटवून पूर्ण वाफेवर आणण्यास तासांमागून तास जातात. दिवसरात्र एका लयीत राबणे हे त्याचे काम. दोन घटकांसाठी उठा आणि पुन्हा झोपा, हे त्याला जमत नाही. म्हणजे पाण्यासारखे चटकन उठणारे, पण पावसावर न अवलंबणारे असे काहीतरी हवे होते. ते समुद्रात सापडले.

मुंबईपासून पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी खडकाचा एक प्रचंड उंचवटा आहे. साठीच्या दशकात एका रशियन जहाजाने केलेल्या पाहणीत त्याचा माग लागला. जपानमध्ये बांधलेले 'सागर सम्राट' हे छिद्रण जहाज तेथे जाऊन उभे राहिले आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तेल लागले. त्या दिवसांत जगभर तेलाचे भाव भडकले होते. घरोघर रॉकेलच्या रांगा लागत होत्या. 'बॉम्बे हाय' हे नाव तेव्हा एखाद्या तीर्थाच्या नावासारखे लोकांच्या तोंडी झाले. २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले आणि १९७८ साली समुद्राच्या तळावरून तेलाचे व वायूचे नळ किनाऱ्याला आणले.

तेलाच्या विहिरीतून तेलाबरोबर वायूही वर येतो. तेल हवे असेल तर वायू नको म्हणून चालत नाही. दुधावर साय यावी तसा तो यावयाचाच. तेल जहाजात भरता येते. वायूला मात्र नळ पाहिजे, आणि नळाच्या दुसऱ्या टोकाला त्याला वापरणारा पाहिजे. तो नसेल तर वायू विहिरीपाशीच जाळून टाकतात. अशा वेळी फलाटाच्या टोकावरून निघालेली ज्वाला रात्रंदिवस समुद्रावर जळत राहते. ज्या राज्यात खेडोपाडी अंधार होता त्या राज्याच्या समुद्रावर ही निरर्थक दिवाळी चालली होती! त्या ज्वालेला घरात आणावयाची तर किनाऱ्यावर असे वीजघर हवे होते की जे लवकर उभे राहील आणि वायू येताच चालू होईल. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने त्यासाठी नळ जेथे भूमीला लागतो तीच बाजू निवडली. ती होती उरण.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचमध्ये बसले की द्रोणागिरीचा डोंगर हळूहळू जवळ येतो. मी हा प्रवास पुष्कळदा केला आहे. अलीकडे समुद्रावरचा लांबच लांब पूल झाला, उरणला लोकलही जाऊ लागली. पण उरण समजावयाचे तर ते पाण्यावरूनच पाहावे. तेथून कळते की हा मुलूख फारसा समुद्राच्या वर नाही. भरतीचे पाणी आणि भाताचे शेत यांच्यामध्ये मातीचा एक बांध, एवढीच काय ती सीमा.

हे बांध हाच उरणचा खरा इतिहास होय. उरण-पनवेल-पेणच्या या खारेपाटात आगरी माणसाने भरतीच्या चिखलात मातीचे बांध घातले, पाणी अडवले, ओहोटीला उघाडीतून खारे पाणी बाहेर सोडले, पावसाच्या गोड पाण्याने जमीन धुऊन घेतली, आणि पुष्कळ पावसाळ्यांनी तेथे लाल तांदळाचे भात उभे केले. अशा जमिनीला जुन्या दप्तरांत 'शिलोत्री' म्हणत. उधाणात बांध फुटला की त्याला 'खांड गेली' म्हणतात. खांड गेली की घराघरातून माणूस बाहेर पडतो, कारण एका रात्रीत शिरलेले खारे पाणी वर्षा-दोन वर्षांचे पीक घेऊन जाते. अशा जमिनीचा धनी नुसता सात-बाराच्या उताऱ्यावर ठरत नाही. तो बांधावर ठरतो. याच खारेपाटात, अलिबागजवळ चरी गावी १९३३ साली कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली संप केला आणि सहा वर्षे जमिनी न पिकवता उपासमार सोसली. त्यामागेही भावना हीच होती की, ज्याने जमीन केली त्याचा तिच्यावर हक्क आहे.

आणि हा केवळ शेतीचा मुलूख नव्हता. 'आगर' म्हणजे मिठागर. आगरी हे नाव त्यावरूनच पडले असे मानतात. उरणची मिठागरे प्रसिद्ध होती. समुद्राचे पाणी चौकोनात अडवावे, उन्हाने आटवावे, पांढरे ढीग रचावेत आणि गलबतांतून रवाना करावेत, हा येथला पिढीजात कारखाना. गेल्या शतकापूर्वी येथे मोहाची दारू गाळणाऱ्या भट्ट्यांचीही मोठी वस्ती होती आणि त्यांचा माल मुंबईला जाई. म्हणजे मुंबईला जे जे लागेल ते पुरवावे, हा उरणचा धर्म जुनाच आहे. मीठ दिले, मद्य दिले, मासळी दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईने जमीन मागितली.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नव्या मुंबईसाठी सरकारी अधिसूचना निघाल्या. शेजारीच तेल आणि वायूचा प्रकल्प आला, न्हावा-शेव्याला बंदर येऊ घातले, आणि बोकडविऱ्याला वायूचे वीजघर.

अशा जमिनीवर वीजघर बांधणे हे पुस्तकात वाटते तितके सोपे नसते. खाडीकाठची निळसर-काळी चिकणमाती पायाला घट्ट वाटते, पण वर ओझे ठेवले की ती वर्षानुवर्षे खचत राहते. म्हणून अशा ठिकाणी आधी डोंगराचा मुरूम आणून भराव घालतात, जमीन उधाणाच्या रेषेवर उचलतात, आणि जेथे जड यंत्र बसावयाचे तेथे खाली कठीण थर लागेपर्यंत काँक्रीटचे खांब उतरवतात. वायूच्या टर्बाईनचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो. असल्या दांड्याखालचा पाया केसभर जरी एका अंगाला बसला तरी सारे यंत्र थरथरू लागते. आगरी माणसाने जी जमीन बोटभर उंचावून समुद्राच्या तावडीतून सोडवली तीच पुढे पुरुषभर उंचावून कारखान्याच्या कामी येते. भरावावर भराव, पहिला टोपल्यांनी घातलेला, दुसरा लॉऱ्यांनी. पण पहिला नसता तर दुसऱ्याला टेकावयास जागाच नव्हती.

यंत्राबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण मुलांना ते फार आवडते. विमानाचे इंजिन जमिनीवर बांधून ठेवावे तसे हे यंत्र असते. पुढच्या तोंडाने ते हवा ओढते, पात्यांनी दाबते, त्या दाबलेल्या हवेत वायू जाळते, आणि फुगलेली तप्त हवा मागच्या पात्यांवर आदळून चाक फिरवते. त्याच दांड्यावर वीज काढणारे जनित्र असते. बंब नाही, वाफेची वाट पाहणे नाही, कोळशाचा डोंगर नाही, राखेचे तळे नाही. हुकूम मिळाला की मिनिटांच्या हिशेबात ते वीज देऊ लागते. म्हणूनच जगभर सांजभारासाठी असली यंत्रे पसंत करतात. आणि जुने कारखाने बंद पडलेल्या, शहराला लागून असलेल्या भरावाच्या जमिनीवर ती बसवतात, कारण त्यांना जागा थोडी लागते आणि वीज दूरवरून आणावी लागत नाही.

उरणला १९८२ साली ६० मेगावॉटच्या संचांनी आरंभ झाला. असे चार संच बसले. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला १०८ मेगावॉटचे आणखी चार आले. आपल्या देशात वायूवर चालणारी एवढी मोठी यंत्रे तेव्हा दुर्मीळ होती. समुद्रावरची ज्वाला आता तारांतून घरात येऊ लागली.

परंतु या यंत्राचा एक मोठा दोष आहे. ते उधळे आहे. मागच्या तोंडातून जी हवा बाहेर पडते ती सुमारे पाचशे अंश उष्ण असते. शंभर रुपयांचा वायू जाळला तर तीसेक रुपयांची वीज होते; उरलेली ऊब आकाशात जाते. दोन घटकांच्या कामासाठी ही उधळपट्टी परवडते, कारण लग्नघरी एक दिवस हात सैल सोडतातच. पण उरणच्या यंत्रांना नुसते संध्याकाळपुरते चालवणे शक्य नव्हते. विहिरीतून तेल अहोरात्र येत होते आणि त्याबरोबर वायूही. ज्या जातीचे यंत्र सांजवेळेसाठी घडवतात त्याला येथे दिवसरात्र राबावे लागले. मग नव्वदीच्या पूर्वार्धात मंडळाने एक शहाणपणाचे काम केले. त्या वाया जाणाऱ्या उष्ण हवेवर पाण्याची वाफ करून १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच जोडले. हिशेब वाचकांनीच करून पाहावा. १०८ च्या चार संचांचे ४३२ मेगावॉट, आणि वायूचा एक कणही अधिक न जाळता त्यावर आणखी २४०. आमच्याकडे ताकाच्या निवळीचीही कढी करतात. त्यातलाच हा प्रकार! एका काळी सर्व मिळून ९१२ मेगावॉट अशी या घराची नोंद झाली. पुढे ६० मेगावॉटचे जुने संच निवृत्त झाले आणि ६७२ मेगावॉट उरले. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन झाल्यावर ते महानिर्मिती कंपनीकडे आले.

आता पुन्हा जमिनीकडे येऊ. १९८४ च्या जानेवारीत, जेव्हा वीजघराचे पहिले संच चालू होते आणि पुढचे बसत होते, तेव्हा त्याच तालुक्यात जासई, नवघर, पागोटे या गावांच्या परिसरात शेतकरी हजारोंनी रस्त्यावर उतरले. भांडण वीजघराशी नव्हते. बंदर आणि नवे शहर यांसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनीच्या मोलाचे होते. पुढारी होते जासईचेच दि. बा. पाटील. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मरण पावले. दर वर्षी त्या तारखांना तेथे लोक जमतात आणि हुतात्म्यांना वंदन करतात. याच तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता. तेव्हा सरकार परके होते. चौपन्न वर्षांनी सरकार आपले होते, आणि आठवणीत राहिलेली वेदना नेमकी हीच आहे.

या लढ्यातून पुढे एक तत्त्व निघाले. १९९० साली सरकारने मान्य केले की, ज्याची जमीन घेतली त्याला पैशाखेरीज घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत द्यावयाची. एकराचे गुंठे चाळीस. त्यातले पाच परत. पाच गुंठे ही काही मोठी जहागीर नव्हे. वाटपात विलंब झाला, गुंते झाले, दलाल शिरले, आणि पुष्कळांच्या हाती आलेला तुकडा फार काळ टिकला नाही. पण तत्त्व म्हणून ही गोष्ट लहान नाही. ज्याने जमीन दिली तो व्यवहारातून बाद होत नाही. त्या जमिनीवर जे उभे राहील त्यात त्याचा वाटा उरतो, असे राज्याने प्रथमच कबूल केले. मुळशीच्या मावळ्याला १९२१ साली जे उत्तर मिळाले नाही त्याचा आठवा हिस्सा खारेपाटातल्या शेतकऱ्याने पाच प्राण देऊन मिळवला.

वीजघराची पुढची कथा थोडी उदास आहे. विहिरी म्हाताऱ्या होतात. बॉम्बे हायचा वायू आटत गेला आणि जो निघे त्याला खतांचे कारखाने, शहरातल्या चुली, मोटारी असे वाटेकरी वाढत गेले. नव्या शतकात उरणच्या यंत्रांना पोटभर वायू मिळणे दुर्मीळ झाले. ६७२ मेगावॉटचे घर बराच काळ अर्धपोटी चालत आले आहे. दक्षिणेकडे दाभोळला त्याहून मोठे वायूचे वीजघर उभे राहिले. ते २००१ साली बंद पडून २००६ साली पुन्हा सुरू झाले, पण इंधनाच्या दराने त्यालाही जेरीस आणले. २००५ नंतरच्या काही वर्षांतले भारनियमन वाचकांच्या स्मरणात असेलच. मुले मेणबत्तीशी अभ्यास करीत होती, आणि वीज करणारी यंत्रे इंधनावाचून उभी होती. यंत्र असणे आणि वीज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राने तेव्हा शिकून घेतले.

मग अशा घराचे आता काम काय? याचे उत्तर १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मिळाले. दहाच्या सुमारास मुंबईला वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक कोलमडल्या आणि सारे शहर निःशब्द झाले. लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालये जनित्रांवर आली. बाहेरून येणारी वीज तुटली तर शहराच्या उंबरठ्याशीच काही वीज असावी, हे शहाणपण पुन्हा सर्वांच्या तोंडी आले. खोपोली-भिवपुरी-भिऱ्याचे शंभरी गाठलेले पाणी आणि शहरालगतची वीजघरे यांची किंमत अशा दिवशी कळते. ती रोज राबत नसली तरी चालेल. हाक मारताच उठली पाहिजेत.

आणि गंमत अशी की सांजभाराचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा तीव्र होत आहे. माळरानांवर सौरपट्ट्या पसरल्या आहेत. मुंबईची सर्वांत मोठी मागणी हल्ली उन्हाळ्यातल्या दुपारी, वातानुकूलित यंत्रांची असते. तिला सूर्य हातभार लावतो. पण सूर्य मावळला की तो आपली वीज घेऊन जातो, आणि दिवे तर त्याच वेळी लागतात. त्या दोन-चार घटकांसाठी वायूची यंत्रे, विद्युत्‌घट, किंवा रात्री खालचे पाणी वर चढवून संध्याकाळी पुन्हा सोडणारे जोडतलाव, असे उपाय चालले आहेत. भिऱ्याला आणि घाटघरला असे पाणी चढवण्याची सोय आहेच. आता सह्याद्रीत तशा पुष्कळ नव्या प्रकल्पांचे करार झाले आहेत. म्हणजे पुन्हा घाटमाथा, पुन्हा तलाव, पुन्हा कोणाची तरी खाचरे. संध्याकाळ तीच आहे, आणि तिचा प्रश्नही तोच आहे.

यावर उपाय म्हणून अंधारात बसा, असे मी म्हणणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना रात्री वाचावयास दिवा मिळाला नाही तर इतिहास शिकवून तरी काय उपयोग? वीजघरे झाली पाहिजेत. मुळशीच्या विजेने मुंबईच्या गाड्या धावल्या, आणि उरणच्या वायूने कित्येक घरे उजळली. ते पुण्य खोटे नाही. माझे म्हणणे एवढेच की, वीजघर कोणी बांधले असे विचारले तर उत्तर पुरे द्यावे. अभियंत्याने बांधले, खरे. तळपत्या उन्हात भराव घालणाऱ्या मजुरांनी बांधले, तेही खरे. पण त्याही आधी, उधाणाच्या रात्री खांड बुजवण्यासाठी कमरेभर पाण्यात उभे राहून जे मातीची टोपली पुढच्याच्या हाती देत होते, त्यांनीही ते बांधले. पाया पहिल्या दगडापासून मोजावयाचा असेल तर तो दगड त्यांचा आहे.

पुढच्या वर्षी वर्गात वीजघरांचा धडा येईल तेव्हा साल, ठिकाण आणि मेगावॉट यांच्याखाली मी चौथी ओळ लिहून देणार आहे: जमीन कोणाची. मुले ती पाठ करतील. परीक्षेत कोणी विचारणार नाही; पण त्यांच्यातलेच कोणी उद्या अशा कागदांवर सह्या करावयाच्या खुर्चीत बसतील, आणि कोणाची तरी खाचरे त्या कागदावर असतील.